नवा गाईड डॉग तिसऱ्या आठवड्यात खाली पडलेलं खायला लागतो, तेव्हा

अंध माणसाला वाट दाखवायला शिकवणाऱ्या शाळेतून घरी आलेला गाईड डॉग पहिले दहा-बारा दिवस शहाण्यासारखा वागतो आणि मग हळूहळू फुटपाथवरचं काहीबाही उचलायला लागतो. जेवणाच्या टेबलाखालून हलत नाही. हार्नेस, म्हणजे कामाचा दांडा असलेला पट्टा, चढवला तरी नाक जमिनीकडेच. मधूनच पोट बिघडतं. चार दिवस कडक राहिलं की सुधारतो, आठवड्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तुमच्या घरी असंच चाललं असेल तर आधी एक सांगते: बहुतेक वेळा घरातूनच कुठूनतरी अन्न झिरपत असतं. ते कुठून, हे शोधावं लागतं, आणि ज्याला दिसत नाही त्याला ते शोधणं जास्त अवघड जातं. मला सात आठवडे लागले. तुम्हाला तेवढे लागू नयेत म्हणून सविस्तर लिहिते.

मी न्यू जर्सीत इझलिनला राहते. रेटिनायटिस पिगमेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे माझी दृष्टी विशीपासून कमी होत गेली. आता उजेड-अंधार तेवढा कळतो. मेट्रोपार्क स्टेशनवरून ट्रेनने नोकरीला जाते. घरात नवरा, सात वर्षांचा मुलगा, आणि उन्हाळ्यापासून डिसेंबरपर्यंत नाशिकहून येऊन राहणारे सासू-सासरे. माझी काळी लॅब्रॅडॉर मला मिळाली तेव्हा दोन वर्षांची होती, वजन २७ किलो. इथे तिला राणी म्हणते. ते तिचं खरं नाव नाही. खरं नाव कुणी घेतलं की ती काम सोडून वळून बघते, म्हणून बाहेरच्या सगळ्यांना आम्ही राणी हेच नाव सांगतो. पाहुण्यारावळ्यांच्या घरात ही युक्ती फार उपयोगी पडते.

हार्नेसचा दांडा हातात असला की कुत्र्याची मान कुठे आहे ते मनगटाला कळतं. डोकं वर असेल तर दांड्याला पुढे एकसारखी ओढ असते. नाक खाली गेलं की ओढ सैल पडते आणि दांडा झुकतो. ओक ट्री रोडवर मिठाईच्या आणि चाटच्या दुकानांसमोर हे व्हायला लागलं तेव्हा मी मनावर घेतलं नाही. तिथे समोशाचे तुकडे, शेव, पुरीचा चुरा पडलेला असतोच. मग पाचव्या आठवड्यात एका सकाळी ती कर्बवर, म्हणजे फुटपाथच्या कडेला, थांबलीच नाही. कशाच्या तरी वासावर नाक लावून ती चालत राहिली आणि माझा पाय थेट रस्त्यात उतरला. हॉर्न माझ्या डाव्या खांद्याशी वाजला. स्टेशनवर पोचल्यावर पाय इतके थरथरत होते की दोन गाड्या जाऊ दिल्या.

म्हणून 'बिचारीने एक तुकडा खाल्ला तर काय झालं' या वाक्यापाशी मी हळवी होत नाही. टेबलाखाली मिळालेला तुकडा आणि न थांबलेला कर्ब यांच्यात फार अंतर नाही. कायद्याची बाजूही लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या एडीए या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यानुसार दुकानदार आपल्याला दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलेलं आहे. ओळखपत्र मागता येत नाही. पण त्याच कायद्यानुसार कुत्रा ताब्यात नसेल किंवा त्याला शी-शूची शिस्त नसेल, तर त्याला बाहेर न्यायला सांगता येतं. शेजारच्या टेबलावर तोंड घालणारा कुत्रा घेऊन हक्काचं बोलणं कठीण होतं.

आधी शरीर तपासा

वागणुकीवर उपाय करायच्या आधी जनावरांच्या डॉक्टरकडे जा. शीचा नमुना न्या, दात बघायला सांगा, आणि वजन करा. वजन सगळ्यात महत्त्वाचं. कुत्रा खरोखर उपाशी असेल, माप कमी पडत असेल किंवा पोटात जंत असतील, तर वजन कमी झालेलं दिसेल. माप म्हणजे मोजायचा कप. घरातली वाटी किंवा चहाचा मग नव्हे. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात कुणीतरी मग वापरत होतं आणि त्यात जवळजवळ अर्धा कप जास्त मावतो.

राणीला शाळेने सकाळी दीड कप आणि संध्याकाळी दीड कप कोरडं खाणं ठरवून दिलं होतं. कप बदलल्यावर मी ते स्वतःच्या हाताने मोजत होते, वरून बोट फिरवून सपाट करत होते. तरी पाचव्या आठवड्यात डॉक्टरकडे तिचं वजन सव्वा किलोने वाढलेलं निघालं. जंत नाहीत, दात ठीक. डॉक्टर म्हणाली, "हे वजन कुठूनतरी आलंय." त्या एका वाक्याने माझा शोध सुरू झाला.

लॅब मुळातच खादाड असतात, हेही जाणून घ्या, म्हणजे कुत्र्याचा राग येणार नाही. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये लॅब्रॅडॉरच्या पीओएमसी नावाच्या जनुकात एक तुटलेला भाग सापडला. पाळीव लॅबपैकी साधारण चौथाई कुत्र्यांत तो होता, आणि त्यांनी तपासलेल्या मदतनीस लॅबपैकी ७६ टक्के कुत्र्यांत. पुढच्या कामात असंही दिसलं की अशा कुत्र्यांना दोन जेवणांच्या मधे भूक जास्त लागते आणि स्वस्थ पडलेले असताना त्यांचे उष्मांक कमी खर्च होतात. मदतनीस कुत्र्यांत हे प्रमाण एवढं जास्त का, याचा एक सरळ अंदाज असा की खाण्यासाठी जीव टाकणारा कुत्रा खाऊच्या बक्षिसावर लवकर शिकतो. ज्या ओढीमुळे राणी कर्बवर थांबायला शिकली असेल, तीच ओढ तिला पोळीच्या तुकड्याकडे नेते. बाहेरून खाऊ घालून ती वाढवायची की नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

माग कसा काढायचा

पहिले दोन आठवडे सगळं छान का चालतं, याचं उत्तर मला शाळेच्या प्रशिक्षकाने दिलं. जन्मानंतर ती एका घरी वाढली, साधारण दीड वर्षाची झाल्यावर शाळेत राहायला आली, तिथे चार महिने शिकली, मग माझ्याकडे. एवढी घरं बदललेला कुत्रा नव्या घरात आधी गप्प बसून अंदाज घेतो. कोण कधी उठतं, कुणाच्या हातातून काय सुटतं, कुठल्या आवाजानंतर काय मिळतं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्याचा अभ्यास पुरा होतो. बिघाड तेव्हा दिसतो, पण शिकवणी पहिल्या दिवसापासून चालू असते.

मी दोन गोष्टी केल्या.

एक, तीन दिवस राणीला घरातही लीशने माझ्या कमरेला बांधून ठेवलं. मी ओट्याशी तर ती ओट्याशी, मी फोनवर तर ती पायाशी. झोपताना टाय-डाउन, म्हणजे माझ्या पलंगाशी आखूड साखळी. या तीन दिवसांत पोट नीट झालं आणि टेबलाखाली जायची धडपड निम्म्याने कमी झाली. म्हणजे अन्न घरातूनच मिळतंय, आणि ती माझ्यापासून लांब असते तेव्हा मिळतंय, हे ठरलं. तुम्ही हे करून बघा आणि काहीच फरक पडला नाही, तर शोध बाहेर घ्या: ऑफिस, शेजारी, बस स्टॉप.

दोन, चौथ्या दिवशी तिला मोकळं सोडलं आणि कॉलरला घुंगरू बांधलं. आम्ही बरेच अंध लोक घरात कुत्र्याला घुंगरू बांधतो, म्हणजे तो कुठे आहे ते कळतं. फक्त या वेळी मी प्रत्येक हालचाल फोनवर बोलून नोंदवून ठेवली: किती वाजता उठली, कोणत्या खोलीकडे गेली, आधी कसला आवाज झाला होता. पाच दिवसांच्या नोंदी एका रात्री बसून ऐकल्या. नोंद अशी होती, जवळजवळ रोज: सकाळी सव्वाआठ, देवघरातली घंटा, लगेच घुंगरू, स्वयंपाकघराच्या दिशेने. दुपारी साडेतीन, मुलाच्या दप्तराची चेन, घुंगरू. रात्री साडेदहा, फ्रिजचं दार, घुंगरू.

तीन आवाज, तीन माणसं. मुलगा डब्यातला उरलेला चीज सँडविचचा कोपरा देत होता, कारण डबा संपवून आणलाय असं मला वाटावं अशी त्याची इच्छा होती. नवरा रात्री दही-भात खाताना बोटं चाटू देत होता. आणि सासूबाई रोज नैवेद्यानंतर पहिली पोळी, तूप लावून, तिला घालत होत्या.

एका पोळीत साधारण शंभर-एकशेवीस कॅलरी असतात, चमचाभर तुपात आणखी पंचेचाळीस. एवढ्या आकाराच्या कुत्रीला दिवसभरात हजार-बाराशे लागतात. तिघांचं मिळून तिच्या दिवसाच्या खाण्याचा पाचवा हिस्सा तरी मापाबाहेरून येत होता. पण कॅलरीपेक्षा वाईट गोष्ट अशी की आम्ही कडक झालो की हे थांबायचं आणि मग पुन्हा सुरू व्हायचं. रोज ठरलेलं मिळणारं कुत्रा लवकर विसरतो. अधूनमधून मिळणाऱ्यासाठी तो महिनोन्‌महिने आशा धरून बसतो. आमची चार दिवसांची कडक शिस्त म्हणूनच फुकट जात होती. पाचव्या दिवशी कुणीतरी विरघळायचं आणि तिची आशा पहिल्यापेक्षा पक्की व्हायची.

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. माझ्यासमोर, चार हातांवर, हे चाललं होतं आणि मला माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांच्या जागी जी काम करते तिच्याबद्दलचं काहीतरी माझ्यापासून लपलं होतं, आणि लपवायला कुणाला काही करावंही लागलं नव्हतं; गप्प राहिलं की पुरत होतं. तुम्ही अशा घरातले डोळस सदस्य असाल तर एवढं कराच: कुत्र्याशी जे काही कराल ते तोंडाने बोला. "मी तिला पाणी ठेवतोय." "ती सोफ्याजवळ काहीतरी चघळतेय." आमच्या घरी आता हा नियम आहे.

घरच्यांशी बोलताना

मी त्या रात्री सगळ्यांना टेबलाशी बसवलं आणि नोंदी ऐकवल्या. मुलगा रडला. नवऱ्याने लगेच मान्य केलं. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अगं, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात. घरात मुका जीव असताना त्याला घास न घालता आपण जेवायचं, हे माझ्याच्याने होत नाही."

त्यांचं माहेर पक्कं दत्तभक्त. गाईचा घास, कावळ्याचा घास आणि कुत्र्याची पोळी हे त्यांच्या दिवसाचे भाग आहेत, साठ वर्षं. दत्ताच्या पायाशी बसलेले चार कुत्रे म्हणजे चार वेद, असं त्या लहानपणापासून ऐकत आलेल्या. इझलिनच्या अपार्टमेंटमध्ये ना गाय, ना ओळखीचा कावळा. राणी आली तेव्हा त्यांना वाटलं, चला, एक तरी घास घालता येईल. अशा माणसाला 'खायला घालू नका' एवढंच सांगितलं तर ते दुखावतात, आणि खरं सांगायचं तर थांबतही नाहीत. लपवून देतात.

आम्ही असं ठरवलं. सकाळच्या दीड कपातले मूठभर दाणे मी एका वाटीत काढून सासूबाईंकडे देते. त्या ते नैवेद्याच्या वेळी दत्ताच्या तसबिरीपुढे ठेवतात. घंटा झाली की वाटी माझ्या हातात येते, मी राणीला बसायला सांगते, आणि माझ्या हाताने ते तिच्या भांड्यात पडतं. माप तेवढंच, वेळ ठरलेली, देणारा हात माझा, आणि त्यांचा घासही चुकत नाही. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "आई, पोळीची बरोबरी नाही होणार, पण." त्या म्हणाल्या, "देवापुढे ठेवलं की झालं."

तुमच्या घरात कारण वेगळं असेल. पण माणूस का देतंय ते विचारल्याशिवाय बंदी घालू नका, असं माझं ठाम मत आहे. मुलाला आम्ही घासायचा ब्रश दिला. रोज संध्याकाळी दहा मिनिटं राणीचे केस विंचरणं हे त्याचं काम. तिला काहीतरी द्यावंसं वाटणं हीच त्याची गरज होती.

झिरपणं बंद केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मागणं कमी न होता वाढेल. हे आधीच घरात सांगून ठेवा. राणी टेबलाला नाक लावून कण्हायला लागली, एकदा भुंकलीसुद्धा, जे तिने आधी कधीच केलं नव्हतं. सासरे म्हणाले, "हिला खरंच भूक लागलीय." नाही. तोवर चालत आलेलं काम अचानक चालेना झालं की ती जास्त जोर लावून बघते, इतकंच. त्या वेळी कुणी एक घास दिला तर भुंकल्यावर मिळतं, हा नवा धडा ती शिकते आणि तुम्ही आधीपेक्षा मागे जाता. आमचं हे पाच दिवस टिकलं. दहाव्या दिवशी जेवताना ती तिच्या चटईवर झोपली होती. घुंगराचा आवाज आलाच नाही.

बाहेरची सवय मोडायला

घरातलं झिरपणं बंद झालं तरी रस्त्यावरची सवय आपोआप जात नाही. शाळेला फोन करा. बहुतेक शाळांचे प्रशिक्षक घरी येऊन बघतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. मी सात आठवडे फोन केला नाही, कारण मला वाटलं ते कुत्रा परत घेतील. तसं काही झालं नाही.

घरी करायचा सराव सांगते. पोळीचा तुकडा स्टीलच्या चहागाळणीखाली झाकून फरशीवर ठेवते. वास येतो, पण खाता येत नाही, आणि राणीने नाक लावलं तर गाळणी फरशीवर खणखणते, म्हणून मला कळतं. लीश हातात घेऊन गाळणीजवळून जायचं, "लीव्ह इट", म्हणजे 'सोड ते', म्हणायचं. न थांबता पुढे आली की तिच्या रोजच्या मापातला एक दाणा माझ्या हातातून. आवाज झाला तर काही न बोलता मागे फिरायचं आणि पुन्हा. सोडलेला तुकडा तिला नंतरही द्यायचा नाही, नाहीतर 'आत्ता सोड, मग मिळेल' असं तिच्या डोक्यात बसतं. खोलीत जमलं की अंगणात, अंगणात जमलं की ओक ट्री रोडवर, तेही गर्दी नसताना सकाळी. आम्हाला सगळ्याला मिळून सहा आठवडे लागले.

बाकीच्या छोट्या तक्रारी याच काळात येतात, त्या थोडक्यात. घरात शी-शू झाली तर ओरडू नका. वेळा बांधा, जेवणानंतर लगेच, लीशवर, रोज त्याच जागी. रात्रीचं कण्हणं पलंगाशेजारी जागा दिली की बहुधा तीन-चार रात्रींत थांबतं. देवळात न्यायचं असेल तर आधी फोन करून विचारा. धार्मिक संस्थांना एडीए लागू होत नाही, दारात जाऊन वाद करण्यात अर्थ नाही. गणपतीत आरतीच्या झांजा सुरू व्हायच्या आधी तिला आतल्या खोलीत चघळायला काहीतरी देऊन ठेवा, दार लावून.

गणपतीवरून आठवलं, हे मात्र थोडक्यात सांगायचं नाही. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी करू शकतात, आणि किती खाल्ल्यावर होईल हे कुत्र्यागणिक बदलतं. म्हणजे पंचखाद्यातलं खिसमिस, शिऱ्यातले बेदाणे, चिवड्यातले मनुके, सगळं आलं. कांदा-लसूण रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. पोहे, थालीपीठ, भजी यात ते असतातच. चॉकलेट आणि बिनसाखरेच्या च्युइंगममधलं झायलिटॉल हेही कुत्र्याला विषारी. प्रसाद म्हणून कुणी चिमूटभर दिला तरी मला सांगा, असं मी दारातच सांगते. खाल्ल्याचं कळलं तर वाट बघू नका, डॉक्टरला फोन करा. रात्र असेल तर एएसपीसीए या अमेरिकेतल्या प्राणिरक्षण संस्थेचं विषबाधा केंद्र चोवीस तास फोन उचलतं. फी पडते, पण उत्तर लगेच मिळतं.

आणि काही गोष्टींत घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी शाळेला कळवा: खाण्यावर हात गेला की गुरगुरणं, दगड किंवा मोजे गिळणं, अन्न अजिबात सोडणं, कर्ब दुसऱ्यांदा चुकणं.

हा त्रास पुन्हा उपटतो तो घरात नवं माणूस आल्यावर. भाऊ आला, नणंद आली, मुलाचा मित्र राहायला आला, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी नाक परत जमिनीकडे. म्हणून माणूस यायच्या आधीच फोनवर नियम सांगायचे आणि पहिले तीन दिवस राणीला पुन्हा कमरेला बांधायचं. त्या डिसेंबरात दत्तजयंतीला आमच्याकडे पंचवीस माणसं होती. वाटी सासूबाईंनी स्वतः हातात धरून ठेवली होती आणि राणीला काही देऊ बघणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत होत्या, "तिचा घास इथे आहे, सुनेच्या हातून जातो." पुढच्या जूनमध्ये नाशिकहून निघायच्या आदल्या रात्री त्यांचा फोन आला. बॅगा किती किलो झाल्या ते सांगून झालं, आणि मग विचारलं, "तिचं दीड कपच आहे ना गं अजून?"